बाबांच्या झाडाखालची सळई

पांढुर्णा, ११ मार्च २०२६

चि. वैभव,

आशीर्वाद आधीच देऊन टाकते. लिहिता लिहिता राग आला तर राहून जायचा.

कागदावर लिहिते आहे, कारण मेलवर तुझ्याशी बोलता येत नाही. मी "जेवलास का" एवढंच विचारलं तरी त्याची एक प्रत तुझ्या साहेबांना आणि एक दिल्लीच्या योजनेच्या बाईंना जाते. मग तुझं उत्तर येतं, "आपल्या संदेशाची नोंद घेतली आहे." सख्खी बहीण आहे रे मी तुझी. माझी कसली नोंद घेतोस? फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

आधी कामाचं सांगते. योजनेच्या बाईंचा फोन आला होता. गेल्या मे महिन्यात आपलं यंत्र चारचौघांत तोंडावर आपटलं, तरी ते लोक आणखी एक संधी द्यायला तयार आहेत. यंदाच्या मृग बहाराआधी पुन्हा चाचणी घ्यायची. अट तीच, छोटी कंपनी आणि संशोधक अशी जोडी हवी. एकट्या कारखान्याला देत नाहीत, एकट्या शास्त्रज्ञालाही देत नाहीत. एप्रिल संपायच्या आत दोघांचा होकार पाहिजे. मी माझा फोनवरच देऊन टाकला. बाई म्हणाल्या, "तुमचे बंधू बाहेर पडणार असं ऐकलं." मी म्हटलं, असं काही नाही, तो जरा कामात आहे. खोटं बोलले का मी?

त्या अर्जात तू काय सुंदर लिहिलं होतंस! दिल्लीच्या लोकांना कळावं म्हणून अगदी सोपं करून. मृगाचा बहार हवा तर उन्हाळ्यात संत्र्याच्या बागेचं पाणी तोडतात. झाड तहानेलं ठेवतात. मग पाऊस पडला की ते फुलतं. तहान कमी पडली तर नुसती पानं येतात, जास्त झाली तर झाड वाळून जातं. कुठे थांबायचं ते आजवर जाणती माणसं नजरेने ठरवत आली, पण आता हवामानच असं बेभरवशाचं झालंय की नजरही चुकते. म्हणून झाडाच्या खोडाला तुझ्या संस्थेचा पट्टा, तो खोड किती आकसलं ते सांगणार. मातीत आमच्या कारखान्याची सळई, ती ओल सांगणार. दोन्हींची तार एका डब्यात. झाड तहानेलं असेल तर लाल दिवा, मातीत ओल असेल तर हिरवा. बाबा तेव्हा होते. त्यांनी तो कागद दोनदा वाचून घेतला होता माझ्याकडून. म्हणाले होते, "पोट्टा आपल्या बागेतच येऊन राह्यला वापस."

पुढचं तुला ठाऊक आहे. पाहणी करायला आलेली मंडळी रामाकोन्याला आपल्या बागेत, बाबांनी लावलेल्या त्या पहिल्या झाडाखाली उभी राहिली आणि डब्यावर लाल आणि हिरवा दोन्ही दिवे एकदम लागले. झाड तहानेलं आणि माती ओली! एक गृहस्थ हसले. आणि तू सगळ्यांसमोर म्हणालास, सळई खोटं बोलते आहे.

सळई माझी आहे, वैभव. पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टर पेट्या करणाऱ्या कारखान्यात मी आणि आमच्या मिस्त्र्यांनी ती दोन वर्षं खपून बनवली. मीही मग गप्प बसले नाही. म्हटलं, पट्टा विचार तुझा. पांढुर्णा आणि सावरगावची गोटमार, ती दगडफेकसुद्धा निदान वर्षातून एक दिवस असते आणि संध्याकाळी लोक घरी जातात. आपली दहा महिने चालू आहे.

बस, आता राग आलाच. इथेच थांबते. होकार कळव.

ताई


पांढुर्णा, २ एप्रिल

चि. वैभव,

पहिलं पत्र पोचलं असणार. पोस्टातल्या माणसाने बेंगळुरूचा पत्ता वाचून मला विचारलं होतं, "ताई, आजकाल पत्र कोन लिवते बाप्पा?" मी म्हटलं, ज्यांचे भाऊ रुसलेत ते. तो बिचारा ओशाळला.

उत्तर नाही. ठीक आहे. मी काही वाट बघत बसलेली नाही. कारखान्याच्या फाटकाशी टपालवाल्याची सायकल थांबली की मी उठून जाते, ते दुसऱ्या कामांसाठी.

घरात काय चाललंय ते सांगते. सुरेश हल्ली मला वेडी म्हणतो. स्वयंपाकघरात बादलीत माती, न्हाणीत घमेल्यात माती, गच्चीवर कुंड्यांत माती. काळी, भुरकट, मुरमाड, सगळ्या जातीची. प्रत्येकीत एक सळई. मी येता जाता पाणी घालते, सुकू देते, पुन्हा घालते आणि डब्यावरचा दिवा बघते. काल तो जेवायला बसला तर ताटाशेजारी घमेलं. म्हणतो, "अमिता, मी जेवू का पेरनी करू?" हसले मी, पण उठून आधी दिवा बघून आले. एका जागी बसवत नाही रे. पोळी तव्यावर टाकते आणि गच्चीवर जाते. परवा दोन पोळ्या जळाल्या.

सांगायचं हे की एकही सळई एकदाही चुकली नाही. ओली माती तर हिरवा, कोरडी तर नाही. मग त्या दिवशी रामाकोन्याला काय झालं? तू हेमराजला विचारलं होतंस. बाग तोच सांभाळतो, तो खोटं बोलणारा नाही. मोटार चालवली का, नळी फुटली का, कोणी आळ्यात पाणी सोडलं का? तो नाही म्हणाला. आईला विचारलंस, ती नाही म्हणाली. पाऊस तर नव्हताच. मग कोरड्या जमिनीत माझ्या सळईला ओल दिसली कुठून? हा प्रश्न मला भाजी चिरताना पडतो, गल्ल्यावर बसल्यावर पडतो. तुला पडत नाही का? तू तर शास्त्रज्ञ. तू "खोटं बोलते" म्हणून मोकळा झालास.

आणखी एक. पुण्याची एक कंपनी सळईचं विचारते आहे. त्यांना पट्टा नको, संत्री नकोत, संशोधक नको. बंगल्यांसमोरच्या हिरवळीला पाणी कधी द्यायचं ते कळायला हवं आहे. बाबांच्या बागेसाठी केलेली वस्तू कुणाच्या तरी लॉनमध्ये खुपसायची. मी अजून हो म्हटलेलं नाही. कारखान्यातली माणसं मात्र म्हणून राहिली आहेत की स्टार्टर पेट्यांवर आता दिवस निघणार नाहीत, काहीतरी नवं पाहिजेच. त्यांचंही खरं आहे.

आई बरी आहे. तुझं विचारते. मी सांगते, कामात आहे. ती म्हणते, "हो, तो तसाच हाये." बाकी काही बोलत नाही. नागपूरचं दवाखान्यातलं तर कधीच बोलत नाही. मला वाटतं, तूही त्यासाठीच येत नाहीस. पण ते जाऊ दे, पत्रात लिहिण्यासारखं नाही.

ताई


पांढुर्णा, १० एप्रिल

वैभव,

मेल मिळाला. तीन ओळी. "जमिनीतील संवेदकाच्या विश्वासार्हतेबाबत शंका असल्याने सहभाग पुढे चालू ठेवणे शक्य होणार नाही."

सहभाग! बाबांच्या बागेत सहभाग!

मी तो मेल वाचला आणि सगळ्या घमेल्यांतल्या सळया उपटल्या. सुरेश बघत राहिला. मग त्यानेच माती नेऊन मागे टाकली.

पुणेकरांना मी उद्या या म्हणणार होते. सुरेश म्हणाला, थोडे दिवस जाऊ दे, रागात सौदा करू नको. म्हणून या महिन्याअखेरीस बोलावलंय. अक्षय तृतीयेला मी रामाकोन्याला जाणारच आहे, आईला बाबांच्या नावाने पितरांची घागर भरायची असते. तेव्हा झाडाखालची सळईसुद्धा काढून आणते. तुझा पट्टा तुला पार्सलने येईल. खोडावर फार घट्ट बसलाय, कापावा लागला तर कापीन.

अमिता


रामाकोना, १९ एप्रिल, अक्षय तृतीया

वैभव,

घाईघाईत लिहिते आहे. अक्षर वाईट येईल. नीट वाच, आणि बसून वाच.

सकाळी सुरेशने मोटारसायकलवर सोडलं आणि तो चहाला हेमराजच्या घरी गेला. आई घरात काहीतरी करत होती, मी तिला हाक न मारता सरळ बागेत गेले. राग होता ना, आधी सळई उपटायची होती. मृगासाठी हेमराजने पाणी तोडलंय, माती चांगली कोरडी झालीये, झाडाखाली बोट जाईल एवढ्या भेगा. मी डबा सोबत नेला होता. म्हटलं काढायच्या आधी एकदा जोडून बघू, सवय लागलीय. जोडला. लाल दिवा लागला, हिरवा नाही. म्हणजे झाडाला तहान सुरू झालीय आणि माती कोरडी आहे. बरोबरच होतं. मी खोडाच्या मागच्या बाजूला बसून पट्ट्याचा स्क्रू ढिला करत होते.

तेवढ्यात आई आली. कमरेवर घागर. मी खाली बसलेले, तिला दिसले नाही. ती पलीकडच्या बाजूने खोडाजवळ वाकली. बरोबर सळईशेजारी जी मोठी भेग आहे ना, तिच्यात हळूहळू घागर ओतायला लागली. वर काही सांडत नव्हतं, सगळं पाणी आत. आणि ती बोलत होती, अगदी रोजच्या आवाजात, जेवायला वाढताना बोलायची तसं.

"घ्या. प्या आता. कोनी नाई म्हनत नाई तुमाले. पोटभर प्या."

वैभव, माझ्या मांडीवरच्या डब्यात हिरवा दिवा लागला. लाल होताच. दोन्ही.

मी तशीच बसून राहिले. ती घागर पालथी करून, झाडाला हात लावून निघाली, तेव्हा मी उठले. ती इतकी दचकली की घागर पडली. म्हणाली, "अमे, तू कवा आली?" मी म्हटलं, आई, हे तू कधीपासून करते आहेस? तर तिचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. म्हणाली, "सालभराच्या अखाजीपासून. मृग लागेपावतर रोज घालतो. मंग वरून पानी येते, मंग नाई लागत. यंदा आजपासून सुरू केलं."

गेल्या वर्षीची अक्षय तृतीया, बाबा गेल्यानंतरची पहिली. म्हणजे पाहणीची मंडळी आली तेव्हा ती रोज सकाळी घागर ओतत होती. त्या दिवशीसुद्धा, तू उठायच्या आत. वर जमीन कोरडी ठणठणीत, पाणी भेगेतून सरळ खाली सळईपाशी. तू स्वतः हे झाड निवडलंस, बाबांनी लावलं म्हणून. तिनेही त्याच कारणाने निवडलं.

मी ओरडलेच तिच्यावर. वैभवने तुला विचारलं होतं ना? सगळ्यांना विचारलं होतं! ती म्हणाली, "त्यानं मोटारीचं इचारलं. नळीचं इचारलं. मोटार कोनी लावली नाई." हेमराज आला धावत. मी त्याला म्हटलं, हेमराजभाऊ, तुम्हाला माहीत होतं? तो म्हणे, "हो ताई, रोज पाह्यतो. पन ते तं घागर होती. तुमच्या बाबांच्या नावाची. आपन का त्याले पानी देनं म्हनतो?" आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी अभद्र बोलले. खरं सांगू? मलाही वर्षभरात एकदाही सुचलं नाही. दर अक्षय तृतीयेला मी घागर भरताना पाहिलीये, तूही पाहिलीयेस. नैवेद्याचा भात आपण कधी जेवणाच्या हिशेबात धरला का?

मग मी आईला विचारलं की रोज कशाला, वर्षातून एक दिवस भरतात ना. ती पदराने घागर पुसत राहिली. शेवटी म्हणाली, "दवाखान्यात त्यायनं पानी मांगतलं ना, अखेरच्या रात्री. कितीक डाव मांगतलं."

तुला हे वाचवणार नाही, तरी वाच. किडन्या गेल्या होत्या, डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं. बाटली तू तुझ्या पिशवीत ठेवलीस आणि रात्रभर त्यांचा हात धरून बसलास. तू बरोबर केलंस. आम्ही कोणी तुला चुकीचं म्हटलं नाही, पण तुझं तू म्हणत राहिलास, मला दिसतं ते. आणि आईने तुला घागरीचं का सांगितलं नाही, तेही आज कळलं. ती म्हणाली, "त्याले वाटलं असतं, माय मले बोल लावून राह्यली."

सळई मी काढलेली नाही. पट्ट्याचा स्क्रू पुन्हा आवळला आणि डबाही तिथेच जोडून ठेवला.


रामाकोना, २१ एप्रिल

चि. वैभव,

परवाचं पत्र अजून टाकलं नव्हतं, हे त्याच पाकिटात घालते. मी अजून रामाकोन्यालाच आहे. सुरेश परत गेला. पुणेकरांना येऊ नका म्हणून त्याच्याकडूनच निरोप धाडला. चिडले म्हणे. चिडोत.

मी दोन दिवस हाच विचार करते आहे. पट्टा म्हणत होता झाड तहानेलं आहे. ते खरंच होतं. एवढ्या जुन्या झाडाची पाणी पिणारी मुळं असतात पार बाहेर, फांद्यांच्या टोकाखाली. म्हणून तर बाबा आळं तिथे करायचे. खोडाशी ओतलेली एक घागर त्याला कुठून पुरणार? आणि सळई म्हणत होती, माझ्याजवळ ओल आहे. तेही खरंच. तू भांडलास तेव्हा तू बरोबर होतास, मी भांडले तेव्हा मी बरोबर होते. यंत्रही बरोबर होतं. त्याने एकाच झाडाखालच्या दोन गोष्टी दाखवल्या आणि आपण दोघांनी मिळून त्याला खोटं पाडलं. बाईंना मी हे सगळं लिहून पाठवते आहे. त्यांनाही घागर समजावून सांगावी लागेल. ते तू जास्त चांगलं लिहिशील.

पण मी हे पत्र त्यासाठी लिहीत नाहीये.

काल आईने मला जेवताना विचारलं. परवापासून ती घाबरूनच होती. म्हणे, "माह्या पान्यानं त्याची मशीन खराब झाली का वं?" मी म्हटलं, नाही आई, खराब नाही झाली. तू पाणी घातलंस ते तिला समजलं, म्हणून हिरवा दिवा लागला. "वर तं सारं सुकं असते," ती म्हणाली. हो, पण खाली ओल गेली, तिथे सळई आहे, तिला कळलं.

तिने हातातला घास खाली ठेवला.

"म्हन्जे खाली पोचते ते?"

हो, म्हटलं, पोचतं.

"गेल्या साली बी पोचलं होतं? रोज?"

हो आई. रोज.

ती रडली नाही. मी रडले. ती नुसती भिंतीकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, "वैभवले लिव. म्हना, त्यानं नाई देल्लं तं काई नाई. मी देल्लं. आन ते पोचलं. त्याच्याच मशीननं सांगतलं, म्हना."

हे तिचे शब्द, जसेच्या तसे. मी काही घातलं नाही.

आता माझे. होकार द्यायचा की नाही ते तू ठरव. चाचणीसाठी आपण पलीकडच्या ओळीतलं दुसरं झाड घेऊ, तिथे नवा पट्टा आणि नवी सळई लावू. या झाडावरचं मात्र कोणी काढायचं नाही. हेमराजला मी बजावलं आहे. दिल्लीचे लोक विचारतील, हे कशासाठी ठेवलंय, तर काय सांगायचं ते तूच येऊन सांग. ये पण. महिना संपायला थोडेच दिवस आहेत, आणि मला पुन्हा घमेल्यांत माती भरून बसवत नाही.

आज सकाळी मी खिडकीतून पाहत होते. आईने घागर ओतली. रोज ती ओतून लगेच घराकडे वळायची. आज वळली नाही. पदर डोक्यावर घेऊन डब्यासमोर उभी राहिली, हिरवा दिवा लागेपर्यंत, आणि लागल्यावर घरात आली.

तुझी,
ताई